पॅक-१२ मधून दहा गेले, दोन उरले: ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटची केस

प्रकरण कशाचं

अमेरिकेत कॉलेजच्या टीमचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटातली कॉलेजं एकमेकांशी खेळणार, टीव्हीवाल्यांशी सौदा सगळ्यांच्या वतीने एकदाच होणार आणि आलेला पैसा वाटला जाणार, असा कारभार. पैसा मुख्यतः फुटबॉलचा, म्हणजे त्यांचा तो हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल, आणि त्याच पैशावर मग व्हॉलीबॉल, पोहणं, रोइंग, धावणं असे बाकीचे खेळ चालतात ज्यांची तिकिटं कोणी विकत घेत नाही. गेली काही वर्षं कॉलेजं जास्त पैशासाठी या गटातून त्या गटात जातायत, तिकडे त्याला रिअलाइनमेंट म्हणतात, आणि त्यातली सगळ्यात मोठी पडझड ऑगस्ट २०२३ मध्ये झाली, पॅक-१२ फुटली. बारापैकी दहा गेले. गेलेल्यांवर ढिगाने लिहून झालंय, इथे उरलेल्या दोघांचं बघायचंय: ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

सिएटल-पोर्टलंडकडे आपली बरीच मंडळी सॉफ्टवेअर आणि चिपच्या नोकऱ्यांमुळे स्थायिक आहेत, त्यांच्या पोरांच्या कॉलेजच्या यादीत ही नावं असतात, त्यामुळे तिकडच्यांना यातलं थोडंफार ऐकून माहीत असेल. बाकीच्यांसाठी सुरुवातीपासून सांगतो. निर्णय घेणाऱ्या माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, पदावरूनच लिहिलंय, कारण या दोन-तीन वर्षांत माणसं भराभर बदलली, प्रश्न तेच राहिले.

पार्श्वभूमी

ही कॉन्फरन्स १९१५ मध्ये पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणून सुरू झाली. ऑरेगन स्टेट पहिल्या चौघांतलं, वॉशिंग्टन स्टेट १९१७ ला आलं. म्हणजे दोघंही मूळचे, कोणी नंतर दयेने आत घेतलेले नव्हेत. पुढे नाव बदलत बदलत पॅक-८, पॅक-१०, आणि २०११ मध्ये कोलोरॅडो आणि युटा आल्यावर पॅक-१२ झालं.

दोन्ही सरकारी विद्यापीठं, शेती आणि इंजिनिअरिंगसाठी काढलेली, दोन्ही लहान गावांत. वॉशिंग्टन स्टेट आहे पुलमनला, गव्हाच्या टेकड्यांमध्ये, सिएटलहून गाडीने साधारण पाच तास. गावाची लोकसंख्या तेहेतीस हजाराच्या आसपास आणि स्टेडियमही जवळपास तितक्याच माणसांचं. विद्यापीठाची स्वतःची डेअरी आहे आणि तिथलं चीज पत्र्याच्या गोल डब्यात सीलबंद करून विकतात, मॅचला आलेला माणूस एक डबा घेतल्याशिवाय सहसा परत जात नाही. ऑरेगन स्टेट आहे कॉर्व्हॅलिसला, ते थोडं मोठं गाव, पण पोर्टलंडच्या टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने गावच. हे सगळं सांगायचं कारण असं की टीव्हीचा भाव टीम किती चांगली खेळते यावर जेवढा ठरतो त्याहून जास्त किती घरांत ती बघितली जाते यावर ठरतो, आणि लॉस एंजलिस म्हणजे पुलमन नव्हे.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. १९५९ मध्ये पैसे देऊन खेळाडू आणण्याच्या भानगडींवरून जुनी कॉन्फरन्स मोडली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मोठ्यांनी आणि सिएटलच्या वॉशिंग्टनने नवा गट काढला, आणि ऑरेगन, ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो हे चौघं बाहेर राहिले. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये आत घेतलं, दोन्ही ऑरेगनना १९६४ मध्ये. आयडाहोला कधीच बोलावणं आलं नाही. आयडाहो विद्यापीठ पुलमनपासून सात-आठ मैलांवर आहे, राज्याची सीमा ओलांडली की आलंच, आणि २०१८ मध्ये ते आपणहून फुटबॉलच्या वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर गेलं. पुलमनच्या लोकांना गटाबाहेर राहिल्यावर काय होतं हे सांगायला सल्लागार नेमायची गरज नव्हती.

पैशाची गोष्ट

२०११ मध्ये पॅक-१२ ने ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांशी बारा वर्षांचा करार केला, साधारण ३०० कोटी डॉलरचा. त्या वेळी तो भारी समजला गेला. त्याचबरोबर कॉन्फरन्सने स्वतःचं चॅनल काढलं, २०१२ मध्ये, एक राष्ट्रीय आणि सहा विभागीय, आणि त्यात कोणी भागीदार घेतला नाही, सगळी मालकी आपली. ऐकायला छान. पण डायरेक्टीव्ही या मोठ्या डिश कंपनीशी शेवटपर्यंत जमलं नाही, लाखो घरांत चॅनल दिसलंच नाही, आणि कॉन्फरन्सचं ऑफिस मात्र सॅन फ्रान्सिस्कोत महागड्या भाड्याच्या जागेत. शेवटी शेवटी प्रत्येक कॉलेजला वर्षाला साधारण ३.३ ते ३.७ कोटी डॉलर मिळत होते, तर बिग टेन आणि एसईसी हे श्रीमंत गट कुठल्या कुठे पुढे गेले होते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तेव्हा कोणाला फारशी बोचली नाही. कॉन्फरन्समध्ये कॉलेजं आपल्या सामन्यांच्या प्रसारणाचे हक्क गटाच्या नावावर करून देतात. मुदत संपायच्या आत कोणी गेलं तर तो स्वतः जातो, हक्क मागे राहतात, म्हणून कोणी जात नाही. पॅक-१२ मध्ये हे हक्क टीव्ही कराराबरोबरच २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होते, आणि वेगळा बाहेर पडायचा दंड असा नव्हताच. म्हणजे २०२४ नंतर कोणीही फुकटात उठून जाऊ शकत होतं. अटलांटिक किनाऱ्याकडच्या एसीसी या गटात हेच हक्क २०३६ पर्यंत बांधलेले होते, आणि तिथून बाहेर पडायचं म्हणून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या दोघांना कोर्टात जावं लागलं. इकडे दार उघडंच होतं.

अडचण कशी तयार झाली

जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह हा गट सोडून एसईसीत जाणार हे जाहीर झालं. बिग ट्वेल्व्हची उरलेली आठ कॉलेजं तेव्हा हवालदिल होती, पॅक-१२ ला त्यांतली हवी ती उचलता आली असती. ऑगस्टच्या शेवटी पॅक-१२ ने जाहीर केलं की सध्या विस्तार करायचा नाही. त्याच महिन्यात बिग टेन आणि एसीसीबरोबर एक आघाडी जाहीर झाली होती, एकमेकांची कॉलेजं पळवायची नाहीत असा तिचा सूर, पण सही केलेला करार नव्हता, सगळं विश्वासावर.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजलिसची दोन्ही कॉलेजं बिग टेनमध्ये गेली. आघाडीला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मग पॅक-१२ ने उरलेल्या दहांसाठी टीव्हीचा नवा सौदा शोधायला सुरुवात केली. बातम्यांमध्ये पुढे जे आलं त्यानुसार ईएसपीएन प्रत्येक कॉलेजमागे वर्षाला साधारण ३ कोटी डॉलर द्यायला तयार होतं आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांनी उलट ५ कोटी मागितले. ईएसपीएन उठून गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बिग ट्वेल्व्हने, ज्यांना वर्षभरापूर्वी सगळे संपले म्हणत होते, ईएसपीएन आणि फॉक्सशी ३.१७ कोटीवर करार वाढवून घेतला, बाजारात होता तो पैसा त्यांनी उचलला. पॅक-१२ कडे पुढचे नऊ महिने आकडा नव्हता, फक्त 'लवकरच कळेल' होतं.

२७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमध्ये गेलं. १ ऑगस्टला कमिशनरने, म्हणजे कॉन्फरन्सच्या मुख्य कारभाऱ्याने, शेवटी एक ऑफर पुढे ठेवली, ॲपलची, सामने त्यांच्या स्ट्रीमिंगवर, हमी साधारण २.३ कोटीची आणि वरचे पैसे किती लोक सबस्क्रिप्शन घेतात त्यावर. ४ ऑगस्टला सकाळी उरलेले नऊ जण हक्क बांधून द्यायच्या कागदावर एकत्र येणार असं ठरलेलं होतं. त्याच दिवशी वॉशिंग्टन आणि ऑरेगन बिग टेनमध्ये गेले, तेसुद्धा पूर्ण नाही तर साधारण अर्ध्या वाट्यावर, आणि संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हचे झाले. सकाळी नऊ, रात्री चार. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) एसीसीत गेले. पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, तीही पहिली सात वर्षं टीव्हीच्या तीस टक्के वाट्यावर. उरले दोन.

त्या सीझनला दोन्ही टीम चांगल्या खेळत होत्या हे विशेष. २३ सप्टेंबर २०२३ ला पुलमनला दोघं समोरासमोर आले तेव्हा दोघंही देशातल्या पहिल्या पंचवीसात होते, वॉशिंग्टन स्टेटने ३८-३५ ने मॅच घेतली. ऑरेगन स्टेटने तर त्याच महिन्यात १६.२ कोटी डॉलर खर्चून नवं केलेलं स्टेडियम उघडलं होतं. म्हणजे खेळात मागे पडले म्हणून मागे राहिले असं म्हणायला जागा नाही.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, कोणीतरी मोठं बोलावेल म्हणून वाट बघायची. बोलावणं आलं नाही, विषय संपला.

दुसरा, माउंटन वेस्ट या शेजारच्या छोट्या कॉन्फरन्समध्ये साधे सभासद म्हणून जायचं. सुरक्षित, ताबडतोब वेळापत्रक मिळणार, प्रवास बरा. पण तिथे टीव्हीचे पैसे कॉलेजमागे साधारण ४० लाख डॉलर, म्हणजे मिळत होते त्याच्या जेमतेम आठवा हिस्सा, आणि एकदा गेलं की पॅक-१२ हे नाव आणि त्याच्या खात्यातलं सगळं हातचं जाणार.

तिसरा, माउंटन वेस्टलाच पॅक-१२ च्या पाटीखाली आणायचं. चौथा, फुटबॉलमध्ये कोणत्याच गटात न राहता एकटं खेळायचं, पण ते नोत्र दामसारख्या देशभर चाहते असलेल्या कॉलेजला परवडतं, पुलमनला नाही.

पाचवा, दोघांनीच कॉन्फरन्स चालू ठेवायची. कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमानुसार फुटबॉलच्या वरच्या पायरीवरच्या कॉन्फरन्सला किमान आठ सभासद लागतात, पण संख्या घटली तर दोन वर्षं सवलत मिळते. म्हणजे २०२४ आणि २०२५ हे दोन सीझन काढायचे आणि २०२६ पर्यंत आठ जमवायचे. वेडेपणा वाटत होता, बऱ्याच लोकांनी तसं लिहिलंही. पण हिशोब बघितला तर दुसरा आणि पाचवा यांतला फरक एकाच प्रश्नावर होता: पॅक-१२ च्या खात्यात जे पडलंय ते कोणाचं?

पहिला निर्णय: कोर्ट

एकत्र कुटुंब फुटतं तेव्हा जसं होतं तसंच झालं. बारापैकी दहा भाऊ शहरात गेले आणि जाता जाता म्हणाले की वाडा विकायचा का ठेवायचा ते आपण सगळे मतदान करून ठरवू, दहा विरुद्ध दोन. कमिशनरने सप्टेंबर २०२३ च्या मध्याला बोर्डाची मीटिंग लावली होती. दोघांनी ८ सप्टेंबरला केस टाकली, आणि टाकली कुठे तर कोलफॅक्सला, व्हिटमन काउंटीच्या कोर्टात, पुलमनपासून पंधराएक मैल, तीनेक हजार वस्तीचं गाव. कोट्यवधी डॉलरच्या टीव्ही धंद्याचा वाद गव्हाच्या गोदामांच्या गावात चालला.

मुद्दा एवढाच होता: उपनियमांत लिहिलेलं होतं की १ ऑगस्ट २०२४ च्या आधी ज्याने बाहेर पडायची नोटीस दिली त्याचा बोर्डावरचा प्रतिनिधी आपोआप जातो. दहा जण म्हणाले आम्ही मुदत संपल्यावर जातोय, मुदतीच्या आत नाही, म्हणून ते कलम आम्हाला लागत नाही. इथे दोघांच्या उपयोगी पडला तो जुना कागद. यूएससी आणि यूसीएलएने वर्षभरापूर्वी जायचं जाहीर केलं तेव्हा कॉन्फरन्सने स्वतःच त्यांना बोर्डावरून बाहेर काढलं होतं, आणि कोलोरॅडोलाही तसंच, तेव्हा बाकी कोणी हरकत घेतली नव्हती. आज जे आठ जण कलमाचा वेगळा अर्थ लावत होते त्यांनीच काल पहिला अर्थ मान्य केला होता. ११ सप्टेंबरला मीटिंगला स्थगिती मिळाली, १४ नोव्हेंबरला न्यायाधीशांनी बोर्ड या दोघांच्या हातात दिलं, गेलेल्यांना अन्यायाने वागवायचं नाही अशा अटीवर. १५ डिसेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घालायला नकार दिला.

आणि मग आठवड्याभरात तडजोड जाहीर झाली, जे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. जिंकलेला माणूस सहसा थांबत नाही. दोघांनी त्या वर्षीचे सगळे पैसे अडकवून ठेवले असते तर दहा जण वर्षानुवर्षं दावे लावत बसले असते. त्याऐवजी प्रत्येकाच्या वाट्यातून साधारण ६५ लाख, एकूण साडेसहा कोटी डॉलर ठेवून घेतले, पुढचे सगळे हक्क आणि सगळी देणी आपल्या नावावर घेतली आणि मार्च २०२४ मध्ये विषय कागदोपत्री मिटवला. देणी पण होती बरं का. केबलवाल्या कॉमकास्टने चॅनलसाठी वर्षानुवर्षं जास्तीचे पैसे दिले होते आणि ते कॉन्फरन्सने कळूनही दाबून ठेवले होते, ते पाच कोटींच्या वर परत द्यायचे होते. येणी म्हणजे बास्केटबॉल स्पर्धेचे जुने हिस्से, फुटबॉल प्लेऑफचा आणि रोझ बोल या मोठ्या सामन्याचा पैसा, आणि चॅनलचा स्टुडिओ.

दुसरा निर्णय: सामने विकत घेणे

कॉन्फरन्स हातात आली पण खेळायचं कोणाशी? फुटबॉलचं वेळापत्रक वर्षानुवर्षं आधी ठरलेलं असतं. १ डिसेंबर २०२३ ला माउंटन वेस्टशी करार झाला, २०२४ च्या सीझनला दोघांना प्रत्येकी सहा सामने, किंमत १.४ कोटी डॉलर. बाकीच्या बहुतेक खेळांसाठी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये दोन वर्षं पाहुणे. ऑरेगन स्टेटचं बेसबॉल मात्र एकटं खेळलं, कारण त्यांची टीम देशातल्या दादा टीममधली, कमकुवत वेळापत्रकात घालून तिचं रँकिंग कशाला बिघडवायचं.

माउंटन वेस्टच्या त्या करारात एक कलम होतं. पॅक-१२ ने आमचं कॉलेज पळवलं तर पहिल्यासाठी १ कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी त्यात पाच-पाच लाखांची वाढ. अकरा नेली तर १३.७५ कोटी. माउंटन वेस्टच्या जागी कोणीही हेच लिहून घेतलं असतं, कारण ज्याला आठ जमवायचेत आणि जो पश्चिमेला एकटा उरलाय तो दुसरीकडे जाणार कुठे? दोघांनी सही केली. नऊ महिने उरले होते सीझनला, सही नाही केली तर मैदानात उतरायलाच कोणी नाही.

तिसरा निर्णय: आता आपणच पळवायचं

२०२५ च्या सामन्यांसाठी पुन्हा बोलणी झाली, माउंटन वेस्टने भाव वाढवून सांगितला, जमलं नाही. १२ सप्टेंबर २०२४ ला पॅक-१२ ने जाहीर केलं की बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट २०२६ पासून आमच्याकडे. थोड्याच दिवसांत युटा स्टेटही. कलमाप्रमाणे बिल झालं ५.५ कोटी डॉलर. पॅक-१२ ने पैसे भरण्याऐवजी फेडरल कोर्टात दावा लावला की हे कलमच स्पर्धाविरोधी आणि बेकायदेशीर आहे.

कायद्याच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं टिकेलही, पण मला हे वाचताना हसू आलं हे खरं. ज्यांनी वर्षभर सगळ्यांना सांगितलं की गट फोडणं वाईट, मागे राहिलेल्यांचं काय होतं बघा, त्यांनी माउंटन वेस्टमधून पाच उचलले आणि नेवाडा, वायोमिंग, न्यू मेक्सिको वगैरेंना तिथेच सोडलं. त्यांच्याकडे दुसरा मार्ग होता का? होता, पूर्ण माउंटन वेस्टलाच सामावून घ्यायचं. पण मग वाटेकरी जास्त, प्रत्येकाच्या हातात कमी, आणि टीव्हीवाले सगळ्या बाराला सारखा भाव देत नाहीत. हिशोब तोच, जो ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्यांनी यांच्याबद्दल केला होता.

युटा स्टेट आलं त्याच आठवड्यात मेम्फिस, टुलेन, साउथ फ्लोरिडा आणि यूटीएसए या पूर्वेकडच्या चौघांनी पॅक-१२ ला नकार दिला. यूएनएलव्ही आणि एअर फोर्स माउंटन वेस्टमध्ये थांबले, त्यांना थांबण्याचे पैसे कबूल झाले. मग बास्केटबॉलसाठी गॉन्झागा आलं, ज्यांच्याकडे फुटबॉलच नाही, त्यामुळे आठव्याचा प्रश्न तसाच राहिला. तो सुटला ३० जून २०२५ ला, टेक्सस स्टेट आलं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा जुना गट सोडायचा दंड ५० लाखांवरून वर जाणार होता. त्याच महिन्यात सीबीएसशी २०३०-३१ पर्यंतचा टीव्ही करार झाला.

निकाल काय लागला

कागदावर बघितलं तर जिंकले. १ जुलै २०२६ ही नव्या पॅक-१२ ची तारीख, नऊ सभासद, त्यातले आठ फुटबॉल खेळणारे, नियमात बसतात. पळवापळवीच्या पैशाची केस मात्र लगेच सुटली नाही, मध्यस्थी करून बघितली, २०२५ च्या उन्हाळ्यात ती फिसकटली.

मैदानात किंमत मोजावी लागली. ऑरेगन स्टेटचा फुटबॉल कोच, जो त्याच कॉलेजचा माजी खेळाडू, नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशिगन स्टेटला गेला. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा मुख्य खेळाडू, मायामीला गेला आणि २०२५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) पहिल्या नंबरवर निवडला गेला, त्याच्या जागी आलेला पोरगा वर्षभर चमकला आणि ओक्लाहोमाला गेला, कोचही गेला. चांगला खेळाडू घडवायचा आणि दुसऱ्याने न्यायचा, हे आता इतकं नेहमीचं झालंय की पुलमनचे लोक त्यावर चिडतसुद्धा नाहीत. वॉशिंग्टन स्टेटने २०२५ मध्ये ॲथलेटिक्समधल्या फेकी आणि उड्या बंद केल्या, स्प्रिंट-हर्डल्स कमी केलं आणि लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर द्यायचं ठरवलं. हेन्री रोनोने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले तेव्हा तो याच कॉलेजचा विद्यार्थी होता, म्हणजे लांब पल्ला तरी वाचला, पण गोळाफेकवाल्या मुलीला हे सांगून काय उपयोग. टीव्ही हक्कांच्या मीटिंगमध्ये ती कुठेच नव्हती.

दुसऱ्या बाजूला, २०२४ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने सिएटलला जाऊन, बिग टेनमध्ये गेलेल्या वॉशिंग्टनला ॲपल कप या दोघांच्या जुन्या सामन्यात २४-१९ ने हरवलं. ऑरेगन स्टेटच्या मुलींनी २०२५ ला वेस्ट कोस्टची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली, आणि एकटं खेळणारं बेसबॉल ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचलं. बाकी खेळांचा प्रवास खरं तर सोपा झाला, पुलमनहून गॉन्झागाला जायला गाडीने दीड तास.

उलट जे गेले त्यांच्या व्हॉलीबॉलच्या मुली सिएटल, लॉस एंजलिसहून न्यू जर्सीला रट्गर्सशी खेळायला जातात, पाच तासांचं विमान, तीन तासांचा घड्याळाचा फरक, आणि सोमवारी लेक्चर. फुटबॉलवाले वर्षात दोन-तीनदा जातात तेही चार्टरने, त्यांना फार फरक पडत नाही. ज्या खेळांचा टीव्हीशी काडीचा संबंध नाही त्यांनीच सगळ्यात जास्त विमानं पकडायची, हे या पूर्ण रचनेतलं मला सगळ्यात न पटणारं आहे, फुटबॉल एकटा वेगळा काढून बाकीचे खेळ जवळच्या गटात ठेवायला काय हरकत होती?

वेगळं काय करता आलं असतं

विस्ताराच्या नकारावर लोक फार बोलतात, पण २०२१ मध्ये चार-पाच कॉलेजं घेतली असती तरी यूएससी-यूसीएलए गेलेच असते असं मला वाटतं. फरक एवढाच पडला असता की पळवायला बिग ट्वेल्व्ह उरली नसती. खरी संधी टेक्सस-ओक्लाहोमाची बातमी आली त्या आठवड्यात होती: हक्क पुढच्या दहा वर्षांसाठी बांधून घ्यायचे, कोण सही करायला कां-कू करतंय ते तिथेच कळलं असतं. ३ कोटीची ऑफर सोडणं ही मोठी चूक हे आता कोणीही सांगेल, पण त्यामागचं कारण बघायला हवं, खोलीत बसलेल्या दहांपैकी निदान दोघं-तिघं बिग टेनच्या फोनची वाट बघत होते आणि त्यांना कमी भावात लांबच्या करारात अडकायचंच नव्हतं. ज्यांना अडकून घेण्यात फायदा होता ते पुलमन आणि कॉर्व्हॅलिसचे, आणि त्यांनी तेव्हा आवाज केल्याचं निदान बाहेर तरी दिसलं नाही.

आवाज करायचा तर कोणाकडे, हाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात कॅल आणि यूसीएलए एकाच रीजंट्स बोर्डाखाली, म्हणजे एकाच नियामक मंडळाखाली, त्यामुळे यूसीएलएला परवानगी द्यायला बोर्डाने महिने घेतले आणि पुढे यूसीएलएने कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे असं ठरवलं. ऑरेगनमध्ये असं एकत्र बोर्ड होतं, ते मोडून दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. वॉशिंग्टनमध्ये दोन विद्यापीठांची दोन बोर्डं. मोठा भाऊ निघाला तेव्हा त्याला थांबवून 'धाकट्याचं काय' विचारणारी खुर्चीच नव्हती, ते काम विधिमंडळाला करता आलं असतं, पण ४ ऑगस्टला जाग येऊन उपयोग नव्हता, त्याला २०२२ चा जुलै हवा होता.

माउंटन वेस्टच्या कलमावर सही करण्याआधी एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे सामने मागायला हवे होते असं मला वाटतं. दंड मान्य करतोय तर त्या बदल्यात २०२५ चाही भाव आजच ठरवा, एवढं म्हणता आलं असतं. ते न केल्याने २०२५ मध्ये दोघांना इकडून तिकडून सामने गोळा करावे लागले आणि शेवटी एकाच सीझनमध्ये एकमेकांशी दोनदा खेळावं लागलं.

आता बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा आणि नव्या पॅक-१२ चा २०३१ मध्ये. त्या वेळी बॉइसी स्टेटला किंवा सॅन डिएगो स्टेटला कोणाचा फोन आला तर त्यांना उठून जायला किती पैसे मोजावे लागतील, हा आकडा या दोघांनी आत्ताच, सगळे नवे आणि खूश असताना, उपनियमांत घालून घ्यायला हवा.